गेटपर्यंतची फेरी

दिघेकाका गाडीत चढताना डावा गुडघा मुळीच वाकवायचे नाहीत. पाय ताठ, हात दांडीला, आणि मग ‘हं’ करून अंग वर. आमच्या कारखान्यातून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक गाडीत ते असेच चढायचे. निर्यातीचे कागद करायला मी तिथे नवीनच लागले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले. मग एकदा माकडानं त्यांचा डबा पळवला आणि काका त्याच्यामागे असे काही धावले की मी बघतच राहिले.

“गुडघा माझा नाही बेटा, तुझ्या काकूचा आहे,” परत येऊन धापा टाकत ते म्हणाले. “तिला चढता आलं तर गाडी पास.”

आमच्या गाड्या बॅटरीवरच्या, चार चाकांच्या, सायकलीच्या वेगानं जाणाऱ्या. दूरदेशीच्या हॉटेलांत, बागांत पाहुणे फिरवायच्या. बघता बघता एका शेडच्या तीन शेड झाल्या. काका मोठ्या कारखान्यातून रिटायर होऊन इथे तपासणीला आले होते, आणि पायरीच्या उंचीवरून मालकाशी त्यांचं रोज वाजायचं. “चलने का क्या है साहब, चल तो सब जाती हैं. चढता आलं पाहिजे!” शेवटी पायरी खाली आली. परदेशातून कौतुक आलं, ते मालकानं खिशात घातलं. काका म्हणाले, “घेऊ दे. पायरी तर आली ना खाली.”

काकू इंद्रपुरीतल्या घरात अडकून पडल्या होत्या. ऑटोत चढवत नव्हतं. काकांच्या जुन्या नोकरीत, पिपलानीच्या कंपनी-क्वार्टरात राहत असताना त्या रोज पायी बाजारात जायच्या. तो बाजार एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. पण काकांनी पास केलेली प्रत्येक गाडी कंटेनरमध्ये जायची.

एका ऑर्डरला स्टिअरिंग डावीकडे हवं होतं. कारागिरांनी सवयीनं एका गाडीला उजवीकडे बसवलं. काका नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर चढले, उतरले, आणि पासचा शिक्का मारून मोकळे! मालक भडकला. काका खाली मान घालून म्हणाले, “सोमवारी मी स्वतः बदलतो. पण साहब, रविवारी एकदा बायकोला हिच्यातून फिरवू?”

रविवारी इंदूरहून आलेल्या मुलीनं काकूंना आपल्या कारमधून कसंबसं आणलं. आमच्या गाडीत मात्र त्या कुणाचा हात न धरता चढल्या. शेडभोवती दोन फेऱ्या झाल्या. तिसरीला बंद गेटापाशी काकू म्हणाल्या, “अहो, इथून पिपलानी किती?”

“वीस मिनटं.”

“मग चला ना.”

“रस्त्यावर परमिशन नाही गं हिला.” काकांनी गाडी वळवली. काकू मागे वळून बघत राहिल्या.

त्या थंडीत काकू गेल्या. काका नोकरी सोडून मुलीकडे इंदूरला निघाले, तेव्हा माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, निरोप घेतील.

“रस्ता सुनसान होता गं,” ते म्हणाले. “कोण पकडणार होतं मला?”

त्या रविवारी चौकीदार सुट्टीवर होता. मी तिथेच उभी होते, आणि गेटची किल्ली माझ्या हातात होती.