मेढ्याचं मशीन दार उघडेना

केरबा पिसाळ फौजेच्या सिग्नल्समध्ये बावीस वर्षं होते. त्यातली बरीचशी वर्षं त्यांनी तार कुठं तुटली हे शोधण्यात घालवली, आणि उरलेली, ती तुटलेली नाही हे साहेबांना पटवण्यात. हवालदार होऊन ते घरी परतले तेव्हा साताऱ्यातल्या एका दूध संघाला टेलिफोन ऑपरेटर हवा होता. संघाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. बाकीच्यांनी दूध दुसरीकडून घ्यावं.

पुढं संघात कॉम्प्युटर आले. ज्याला तारांतलं कळतं त्याला कॉम्प्युटरातलंही कळणारच, असा ठराव संचालक मंडळानं एकमतानं केला आणि केरबांची बदली झाली. ठराव बरोबर निघाला. मंडळाच्या बाबतीत असं क्वचित होई, म्हणून त्याची आठवण अजून काढतात.

संघाची पाच शीतकेंद्रं होती. गावोगावचं दूध तिथं गोळा व्हायचं, टाकीत थंड व्हायचं आणि टँकरनं साताऱ्याला यायचं. टाकीच्या तपमानाची नोंद ठेवायला प्रत्येक केंद्रात एक कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असे. तो जागा आहे की नाही हे साताऱ्यात बसून कळावं म्हणून पुण्याच्या एका कंपनीनं त्यात एक छोटा प्रोग्रॅम घालून दिला होता. त्याला ते लोक एजंट म्हणत. हा शब्द ऐकल्याबरोबर दोन संचालकांनी आपला विमा आधीच उतरवलेला असल्याचं सांगून टाकलं होतं. एजंट स्वतःहून काही करत नसे. साताऱ्याच्या मशीननं टेलिफोनच्या तारेवरून विचारलं की तेवढं सांगे: मी चालू आहे, इतके दिवस सलग चालू आहे, ऑपरेटरनं शेवटचा हात अमुक वाजता लावला.

१९९८च्या नोव्हेंबरात एका गुरुवारी कॉम्प्युटर विभागाचे मॅनेजर सुमंत आगाशे यांच्या लक्षात आलं, की मेढ्याचा एजंट दहा दिवस बोललेला नाही. दहा दिवस लागले, कारण हे रिपोर्ट कुणी वाचत नसे. पडद्यावर मेढ्यापुढं ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असं येत होतं. बाकीची चार केंद्रं सुरळीत होती. आगाशे वाईचे, सांगलीत इंजिनिअर झालेले, हुशार आणि सज्जन. फक्त नेहमी घाईत असत.

“लाइन तपासलीत, हवालदार?”

“तपासली, साहेब. खणखणीत हाय. मेढ्याच्या मशीनला हाक मारली की ओ येती.”

“मग एजंट का बोलत नाही?”

“आता बघा, फोन लागतच न्हाई म्हंजे तार तुटली. नुसती घंटी वाजती म्हंजे घरात कोण न्हाई. ह्यो त्यातला न्हवं. ह्यो फोन उचलतोय आन लगीच आपटतोय.”

“म्हणजे मशीन चालू, पण एजंट बंद. तो आपोआप बंद होत नाही, कुणीतरी करावा लागतो. आणि मेढ्यात मशीनला हात लावणारं माणूस एकच आहे.”

ते माणूस म्हणजे अंजना धनावडे. दोन वर्षं ती तिथं हंगामी ऑपरेटर होती. मुदत त्याच आठवड्यात संपत होती आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं हे शनिवारी अकराच्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं. आगाशेंनी तिच्या फाइलवर शेरा मारला, ‘लवकर घरी जाणे कळू नये म्हणून एजंट बंद ठेवल्याचा संशय. शिफारस करता येत नाही.’ तर्कात खोट नव्हती. खोट होती ती तर्काच्या आधी.

“साहेब, शनिवार अजून दोन दिवस हाय,” केरबा म्हणाले. “उद्या मेढ्याला जाऊन बघून येतो.”

“या बघून. पण मीटिंगच्या आधी मला कारण हवं.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं केरबा मेढ्याला पोचले. अंजना दारातच उभी होती.

“मामा, मी बंद केलं न्हाई.”

“मी कुटं म्हनलो केलं?”

“साहेब म्हन्त्यात. टँकरवाल्यानं सांगितलं. हितनं दूध खाली जातं, तितनं बातम्या वर येत्यात.”

“चहा हाय का?”

“चहाचं काय घिऊन बसलासा! उद्या त्यांनी नगं म्हनलं तर सोमवारपास्नं मला ह्या दारात पाय ठेवता येनार न्हाई.”

“तरीबी चहा लागंलच. लय धूळ खाऊन आलोय.”

चहा येईपर्यंत केरबा मशीनपुढं बसले. साताऱ्याहून विचारायचा तोच प्रश्न त्यांनी त्याच मशीनवरून त्याच्याच एजंटला विचारला. एजंटनं तत्परतेनं सांगितलं: चालू, सत्तावीस दिवस सलग.

केरबांनी ते दोनदा वाचलं. साताऱ्याला नकार मिळायला लागून अकरा दिवस झाले होते, आणि एजंट सत्तावीस दिवस डोळा न मिटता उभा होता. म्हणजे तो कुणी बंद केला नव्हता. तो जागेवर होता आणि विचारणाऱ्यालाच दारात घेत नव्हता. असं का, हे पाहायला त्यांनी एजंटची यादी उघडली. बाहेरून विचारणाऱ्यांपैकी कुणाला उत्तर द्यायचं, ते या यादीत लिहिता येत असे. यादीत एकच ओळ होती: नंबर एक. खाली फेब्रुवारीतली तारीख आणि पुढं ‘के. पि.’ अशी अक्षरं.

केरबांनी चहा घेतला आणि ती अक्षरं पुन्हा वाचली.

ही यादी त्यांनीच लिहिली होती. आधीच्या चार केंद्रांत त्यांनी ती कोरी, म्हणजे सगळ्यांना दार उघडं, अशी सोडली होती, कारण कंपनीचं पुस्तक तोवर आलं नव्हतं. मेढ्याच्या वेळी पुस्तक आलं. सुरक्षेसाठी यादी भरावी असं त्यात छापलेलं होतं. छापील हुकूम मोडायची केरबांना सवय नव्हती. साताऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरना एक ते नऊ नंबर होते आणि केंद्रांची चौकशी करणारं मशीन सगळ्यात आधी आलेलं, म्हणून एक नंबरचं. ते त्यांनी लिहिलं.

मग झालं असं, की आपल्यापेक्षा भांडार कारकुनाच्या मशीनचा नंबर वरचा आहे, हे व्हाइस चेअरमनना कुणीतरी सांगितलं. अकरा दिवसांपूर्वीच्या सोमवारी ज्येष्ठतेप्रमाणे नवे नंबर द्यायचा हुकूम निघाला. चेअरमन एक, व्हाइस चेअरमन दोन, असं करत खाली. चौकशीच्या मशीनला संघात कुठलंच पद नसल्यानं ते नववं झालं. आगाशेंनी कागद काढला आणि केरबांनी एका दुपारीत सगळे नंबर बदलले, चेअरमनच्या मशीनचा तर ते नसताना, कापड अर्धंच उचलून. मेढ्याला कळवायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

तेव्हा परिस्थिती अशी होती, की मेढ्याचं मशीन अख्ख्या संघात फक्त चेअरमनना उत्तर द्यायला तयार होतं, आणि चेअरमननी उद्घाटनापासून आपल्या कॉम्प्युटरवरचं कापडसुद्धा काढलेलं नव्हतं.

केरबांनी हे सगळं अंजनाला सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला.

“मग घाला की नऊ नंबर यादीत! दोन मिन्टाचं काम.”

केरबांनी कळफलकावर बोट ठेवलं, आणि उचललं.

“न्हाई घालायचा.”

“आवं, का?”

“यादीला हात लावला की ह्यो नव्यानं सुरू हुतो. सत्तावीस दिवसाचं शून्य हुतंय. मग आगाशेसाहेब काय म्हन्तील? हवालदार गेला, बंद पडलेलं चालू करून आला. म्हंजे बंद व्हतं. म्हंजे तूच केलतंस.”

“मग आता?”

“जसं हाय तसं उद्या अकरापतोर ऱ्हाऊ दे. पहाऱ्याचा संत्री आपल्या हुकुमावर उभा हाय, त्येला हालवायचा न्हाई. लाइट गेली तर बॅटरीवर भरवसा ठिवू नगंस, जनरेटर चालू कर. आन कुणाला शिवू द्यायचं न्हाई. मलाबी न्हाई.”

कामगिरीवर गेलेला तंत्रज्ञ बिघाड सापडूनही तो न काढता परत आला, अशी संघाच्या इतिहासात ही बहुधा पहिलीच वेळ.

शनिवारी साडेनऊला केरबांनी आगाशेंना सगळं सांगितलं. आगाशे खरोखरच हुशार होते. निम्म्यातच त्यांना पुढचं कळलं. नंबर बदलायच्या कागदावर सही त्यांची होती, तेही त्याच क्षणी कळलं असावं.

“हे दाखवता येईल का?” त्यांनी विचारलं. “मीटिंगमध्ये तोंडी सांगून कुणाला काही समजणार नाही.”

“येईल, साहेब. फकस्त एक नंबरवरनं.”

“आप्पांच्या मशीनवरून? त्याला हात कोण लावणार?”

चेअरमन हरिबाआप्पा दहा वाजता आले. ऊस आणि म्हशी यांत आयुष्य गेलेला, सत्तरीचा माणूस. केरबांनी दारातच गाठलं.

“आप्पा, तुमचा कॉम्प्युटर लावायचा हाय.”

“लागतोय व्हय त्यो?” आप्पांनी मनापासून विचारलं. “मला वाटलं निस्ता ठिवायचा असतोय.”

कापड निघालं. पडद्याच्या कपाळी उद्घाटनाचं कुंकू तसंच होतं. मशीन सुरू व्हायला चार मिनिटं लागली; तेवढ्यात आगाशेंनी आप्पांना मेढ्याचं दार लावून बसलेलं मशीन आणि अंजनावरचा संशय एवढं सांगितलं, आणि व्हाइस चेअरमन व आणखी दोघं संचालक आत येऊन उभे राहिले. केरबांनी विचारणारा प्रोग्रॅम फ्लॉपीवरून चढवला. आगाशेंनी शेजारच्या खोलीत जाऊन नऊ नंबरवरून विचारलं आणि तिथूनच ओरडून सांगितलं, “नकार!”

“आता आप्पा, तुमी हे बटन दाबा.”

आप्पांनी म्हशीच्या पाठीवर थाप द्यावी तसं बटण दाबलं. क्षणभर काही झालं नाही. त्या क्षणात केरबांना मेढ्याची वीज, बॅटरी, जनरेटर, डिझेल असं सगळं आठवून गेलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली: चालू, अठ्ठावीस दिवस सलग. ऑपरेटरचा हात, काल, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

“बोललं की रं!” आप्पा खूश झाले. मग आगाशे परत आत आले, तसे आप्पा खुर्चीत नीट बसले आणि त्यांचा आवाज बदलला. “आगाशे, हे किती दिवस दार लावून बसलंय म्हनलासा?”

“बारा दिवस.”

“आन चालू किती दिवस हाय?”

“अठ्ठावीस.”

“मग पोरीनं बंद कवा केलं?”

आगाशे म्हणाले, “केलंच नाही, आप्पा. माझा शेरा चुकला. मी तो काढून घेतो.”

हे वाक्य त्यांना सोपं गेलं नसणार. तरी ते त्यांनी चारचौघांत आणि पूर्ण म्हटलं.

“मग चूक कुनाची?”

कुणी व्हाइस चेअरमनकडं बघितलं नाही, आणि ते न बघणं सगळ्यांना जमलं. आगाशेंनी तोंड उघडलं, पण केरबा आधी बोलले.

“माझी, आप्पा. यादी मी लिहिली, नंबर मी बदलले, यादीत बदल करायचा मीच विसरलो.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त सगळं खरं त्यात नव्हतं.

“हवालदार, पण तो कागद मी—” आगाशे म्हणाले.

“साहेब, अकरा वाजत्यात. मीटिंगला उशीर हुतोय.”

सोमवारी दोन कागद निघाले. एक अंजना धनावडे यांना कायम केल्याचा हुकूम, दुसरा केरबा पिसाळ यांना लेखी ताकीद. दोन्ही एकाच टायपिस्टनं एकाच सकाळी काढले. केरबा दोन्ही खिशात घालून मेढ्याला गेले, कारण यादीत नऊ नंबर घालायचा अजून बाकी होता.

अंजनानं आपला कागद वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग तिला दुसरा दिसला.

“मामा, हे वो काय? तुमाला ताकीद?”

“चूक व्हती माझी.”

“एकट्याची?”

“नावं लिहीत बसले असते तर मीटिंग सांजच्यापतोर चालली असती. तुझं नाव शेवटी आलं असतं.” त्यांनी नऊ नंबर टाकला. “बावीस वर्सं फौजेत लाल शाईची, शिक्षेची एक नोंद न्हवती. पोरांना सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई. आता एक डाग पडलाय, तर वाटंल.”

अंजना हसली नाही. तिनं ताकिदीचा कागद टेबलावर ठेवला आणि तो झाकला जाईल असा आपल्या हुकुमाचा कागद त्याच्यावर पालथा घातला.

टेलिफोन वाजला. आगाशे होते.

“हवालदार, आलं उत्तर. आणि… त्या ताकिदीवर माझी सही आहे. तुम्ही बघितलीच असेल.”

“बघितली, साहेब. चांगली आलीया.”

“ती तिथं नको होती.”

“असू द्या साहेब. आमच्या नव्या ऑपरेटरबाई हितं हायत, त्यांच्याशी बोला,” असं म्हणून केरबांनी रिसीव्हर अंजनाकडं दिला आणि हात धुवायला बाहेर गेले.