शरदचंद्र राऊतांचे इंजिन

विहिरीचे पाणी फिरले आहे, हे राऊतांच्या घरात सगळ्यांत आधी तुरीच्या डाळीने सांगितले. १९५७ सालचा मार्गशीर्ष संपत आला होता. प्रमोदिनीने सकाळी आठला डाळ चुलीवर चढवली. अकरा वाजले तरी दाणा बोटाखाली टणकच. दुपारी कपड्यांना साबण लावला तर फेस होईना, नुसता पांढरा चिकटा हाताला लागे. तिसऱ्या दिवशी तिने पेलाभर पाणी नवऱ्यापुढे धरले.

"प्या."

"तहान नाही मला."

"तहानेसाठी कोण म्हणतंय? प्या."

शरदचंद्राने घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. "भांडं कल्हईला झालंय," तो म्हणाला.

"काचेच्या पेल्याला कल्हई?"

पेला खाली ठेवून तो उठला आणि वाडीत गेला.

राऊतांची वाडी आगाशीच्या पश्चिमेला, समुद्रापासून मैलभरावर. कडेने नारळ आणि केळी, मधोमध पानवेली. घर चालायचे ते पानवेलींवर. ही वेल फार हळवी. एक दिवस पाणी चुकले की मान टाकते, आणि पाण्याला मिठाचा अंश लागला की पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात. अशा कडा तो महिनाभर पाहत होता आणि विचारणाऱ्याला ऊन लागले म्हणून सांगत होता. आता तेही सांगता येणार नव्हते. विहीर गेली तर वेल गेली, आणि वेल गेली तर तीन पिढ्यांची वाडी गेली. शिवाय ती कोणी घालवली, हे गावात एकट्या त्यालाच नीट ठाऊक होते.

शरदचंद्राला लहानपणापासून फिरणाऱ्या वस्तूंचे वेड. आठ वर्षांचा असताना, १९४० साली, त्याने वाडीतल्या विहिरीवरचा रहाट बघून सुपारीच्या विरीचा, म्हणजे झावळीच्या बुंध्याच्या सालीचा, वीतभर रहाट केला. त्याला लोट्यांच्या जागी शिंपले बांधले आणि रेड्याच्या जागी दोऱ्याने भुंगा जुंपला. भुंगा रहाट ओढण्याऐवजी रहाटासकट उडायला बघे. निर्मळच्या जत्रेत वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला पत्र्याची बोट घेऊन दिली. तिच्या पोटात वात पेटवली की ती घंगाळात टकटक करत फिरे. त्याने ती दुसऱ्याच दिवशी उलगडली आणि पुन्हा जुळेना म्हणून जेवला नाही. लढाईचे दिवस, पत्र्याची खेळणी बाजारातून नाहीशी झालेली. चौथ्या दिवशी बोट जुळली तेव्हा तो घंगाळाशेजारी बसून रडला. पुढे अण्णांचे गजराचे घड्याळ खोलले. ते बंद करताना एक चाक उरले, तरी घड्याळ चालू लागले. अण्णा म्हणाले, "कारागीर उधळा होता म्हणायचा."

मग विजेरी आली. मॅट्रिक झाल्यावर सायकल आली, आणि तिच्यावर चाकाला घासून दिवा लावणारा डायनॅमो. लग्नात, १९५२ साली, सासऱ्यांनी पेटी कॅमेरा दिला. त्याने त्यातून पहिला फोटो काढला तो रहाटाशेजारी उभ्या असलेल्या नव्या नवरीचा. धुऊन आला तेव्हा रहाट पूर्ण होता, लोट्यांची माळ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती, आणि प्रमोदिनीचे डोके कापले गेले होते. तिने तो माहेरी पाठवला आणि मागे लिहिले, "ओळखा पाहू, मी कुठे दिली आहे."

इंजिन आले १९५४च्या फेब्रुवारीत. मुंबईहून विरार स्टेशनापर्यंत मालगाडीने आणि पुढे बैलगाडीत. हिरव्या रंगाचे, दोन जड चाकांचे, तेलावर चालणारे. हँडल मारून शरदचंद्राने ते सुरू केले तेव्हा अण्णा पडवीत बसले होते. रहाटाला काढायला दिवसभर लागे तेवढे पाणी दोन तासांत पाटाला लागले. लोक वाहवा करत होते. अण्णा तेवढे म्हणाले, "शरदा, रेडा दमतो ना, तेवढ्या वेळात विहीर भरते. हे कधी दमायचं?"

"दमत नाही अण्णा, म्हणून तर आणलं."

अण्णा पुढच्या वर्षी गेले. रेडा विकला. पाणी अधिक हवे म्हणून शरदचंद्राने विहीर सहा हात खोल नेली. शेजारपाजारच्या वाडीवाल्यांनी त्याच्याकडे पाहून इंजिने घेतली. तीन वर्षांत सात झाली. सातही त्यानेच बसवून दिली, नारळ फोडून सुरू केली. कोणाचे अडले तर जेवण टाकून जायचा. दूरवरून आवाज ऐकून कोणत्या इंजिनाला काय झाले आहे ते सांगायचा. गावात त्याला मान होता, आणि तो मान त्याला गोड लागत होता.

डाळ शिजेनाशी झाल्यावर त्याने आपले इंजिन बंद केले. रहाट पुन्हा बसवायला घेतला तर लाकूड कुजलेले, अर्धे लोटे फुटलेले. कसेबसे जोडले. रेडा नव्हता, म्हणून रहाटाच्या दांड्याला एका बाजूने तो लागला, दुसऱ्या बाजूने प्रमोदिनी. भर दुपारी दोघे गोल फिरत होती. रस्त्याने जाणारा कोणी ओरडला, "वहिनी, डोळ्यांना झापड बांधा, घेरी येत नाही!" प्रमोदिनी हसली. शरदचंद्र हसला नाही. आठ दिवस फिरूनही वेली जगण्यापुरते पाणी निघाले नाही, आणि निघाले तेही खारे.

तेव्हा तो सात घरी गेला. प्रत्येकाला त्याने एकच गोष्ट सांगितली. जमिनीखाली सगळ्यांचे पाणी एक आहे. गोडे वर, खारे खाली. आपण गोडे उपसतो आहोत, म्हणून खारे वर सरकते आहे. समुद्राच्या बाजूला माझी विहीर पहिली, म्हणून माझे आधी गेले. दिवसाला एक तासच चालवा.

त्याच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर काशीरामची विहीर. काशीरामचे इंजिन सर्वांत मोठे. तो म्हणाला, "तुझं पोर रडलं म्हणून आम्ही आमच्या पोरांची तोंडं दाबायची?"

"काशीरामभाऊ, मी हात जोडतो."

"इंजिन घ्यायला लावलंस तेव्हाही जोडले होतेस."

पौषात ते मोठे इंजिन आपोआपच बंद पडले. तो सोमवार होता. काशीरामने अभिमानाने दोन दिवस स्वतः खटपट केली. त्या दोन दिवसांत शरदचंद्राच्या विहिरीचे पाणी हातभर चढले. मंगळवारी, संक्रांतीच्या दिवशी, प्रमोदिनीने डाळ लावली ती तीन तासांत का होईना, शिजली. तिने पळी तशीच हातात धरून त्याला वाडीतून हाक मारली. दोघांनी चुलीशी उभे राहून ती डाळ नुसती खाल्ली. वरचे गोडे पाणी परत येत होते. काशीरामचे इंजिन पावसाळ्यापर्यंत बंद राहिले तर विहीर वाचणार होती.

बुधवारी सकाळी काशीराम कुंपणाशी आला. "शरदा, ये रे जरा. माझ्यानं होईना."

शरदचंद्र सदरा घालू लागला. प्रमोदिनी दारात आडवी उभी राहिली. हळूच म्हणाली, "जा, पण हात लावू नका. मुंबईला न्यावं लागेल म्हणा. एकदा गेलं की पाऊस पडेपर्यंत परत येत नाही."

"खोटं बोलू?"

"तुमचं ऐकतील ते. बाकी कोणाचं ऐकणार नाहीत."

तो ठरवूनच गेला. वाटेत दोनदा वाक्य म्हणून पाहिले. काशीरामने हँडल फिरवून दाखवले. इंजिनाने एक सुस्कारा टाकला आणि ते गप्प बसले. त्या एका सुस्काऱ्यात शरदचंद्राला कळले. तेलाच्या नळीत हवा धरली होती. एक नट सैल करायचा, हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचा. पाच मिनिटांचे काम.

"मुंबईला न्यावं लागेल," तो म्हणाला.

त्याला वाटले होते, काशीराम वाद घालील. काशीरामने फक्त मान हलवली. "तू म्हणतोस म्हणजे न्यायलाच हवं. गाडी कोणाची सांगू? दोर माझ्याकडे आहेत." आणि तो खरेच दोर आणायला आत गेला.

वाडीत काशीरामची आई नर्मदाकाकू घागरीने वेलींना पाणी घालत होती. पासष्ट वर्षांची बाई, दोन दिवस हेच करत होती. पदर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. एका वेलीच्या मुळाशी ती घागर रिती करी, वाकूनच थोडी थांबे आणि परत विहिरीकडे जाई. इकडचेही रेडे विकले होते. विका म्हणून शरदचंद्रानेच सांगितले होते.

"आलास का शरदा?" ती तिकडूनच म्हणाली. "बरं झालं बाबा. आता काळजी नाही."

शरदचंद्राने ओणवे होऊन वेल खालून पाहिली. पाने मलूल झाली होती, पण कडा हिरव्यागार होत्या. विहिरीच्या काठावर उपसून ठेवलेल्या पाण्याची त्याने ओंजळ भरून घेतली आणि प्याला. पाणी गोड होते. याचे अजून गोड आहे, त्याच्या मनात आले. अजून दोन वर्षे, फार तर तीन. मग ही बाईसुद्धा डाळीपाशी बसून राहील. आणि इंजिन सुरू केले नाही तर तिच्या वेली शनिवारपर्यंत मरतील, आपल्या कदाचित जगतील.

काशीराम दोर घेऊन आला. "किती दिवस लागतील रे?"

शरदचंद्राची नजर त्या नटावर होती. इतक्या जवळ, इतका क्षुल्लक, कोणीही सोडवावा असा. तो खाली बसला. "पाना आहे?" त्याने विचारले.

"मुंबईला न्यायचं म्हणालास ना?"

"पाना द्या काशीरामभाऊ."

नट सैल झाला. तेलातून बुडबुडे आले, मग बुडबुडे थांबले आणि नुसते तेल आले. त्याने नट आवळला, हँडल घातले, चाकांना वेग दिला. पहिल्याच खेपेला इंजिन लागले. नळातून पाणी धडधडत पाटात पडले आणि नर्मदाकाकूने हातातली घागर तिथेच ठेवून पाटाच्या काठावर बसकण मारली.

"भाऊ, तासभरच चालवा," शरदचंद्र ओरडून म्हणाला.

"हो हो," काशीराम म्हणाला. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू आले असेल असे वाटत नव्हते.

तो घरी आला तेव्हा प्रमोदिनी पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. आवाज चाळीस पावलांवरून स्वच्छ येत होता, न अडखळता.

"केलंत चालू?"

"नर्मदाकाकू घागरीनं घालत होत्या गं पाणी."

"मी पण दांडा ओढलाच ना आठ दिवस."

तो पायरीवर बसला. हाताला तेलाचा वास येत होता. तो म्हणाला, "पहिल्याच खेपेला लागलं. एका हँडलात." आणि प्रमोदिनी आपल्या तोंडाकडे टक लावून का पाहते आहे हे त्याला कळेना. मग कळले. तो हसत होता.

तिने दोन हंडे उचलले. गोड्या पाण्याची देवळाकडची विहीर अर्ध्या मैलावर होती, आणि आता रोज तिथेच जायचे होते.