पोरीची साखर

भवानीनगरच्या स्टँडवर पेरू विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आधी मीठ लावलेली फोड हातावर ठेवायची आणि मग भाव सांगायचा, ही त्यांची रीत. पाटी घेऊन थोडं चालल्या की पदर सारखा करायला थांबतात. पदर सारखाच असतो. दम लागलेला असतो.

लेकीच्या वेळी, पोटुशी असताना, त्यांना साखर निघाली होती. त्या म्हणतात, "ती पोरीची साखर व्हती. पोरगी झाली आन आमचा कारखाना बंद!"

मी आरोग्य केंद्रात काम करणारी; ऐकून पेटले. बाळंतपण झालं की बाईकडे बघायचं कुणी नाही, ही कुठली रीत? साखर उतरली तरी रक्तवाहिन्यांना धोका उरतो, म्हणून दरवर्षी साखर आणि रक्तदाब तपासा, असं पत्रक मी काढलं. पहिलं त्यांनाच वाचून दाखवलं. त्या गंभीर झाल्या.

आमच्या तपासणी शिबिराला त्या धंदा सोडून आल्या आणि शाळेच्या गणवेशातल्या लेकीचं बोट नर्ससमोर धरलं. लेकीची साखर चांगली निघाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मायेला चूक कसं म्हणावं, मला कळेना.

"ताई, आता तुमचं बोट," मी कशीबशी म्हणाले.

त्यांनी हसत मूठ मिटली. "काय मॅडम! एकाच साखरंला दोनदा टोचत्यात व्हय?"