धोंड्याच्या जेवणापासून

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, वारले तेव्हा गावातल्या पोरांनी आखाडा बाळापूरच्या रस्त्याला, आमच्या फाट्यावर, त्यांचा भलामोठा फ्लेक्स लावला. फोटोखाली लिहिलं होतं, 'करारी व्यक्तिमत्त्व हरपले'. करारी हा शब्द पुरुषांसाठीच राखून ठेवलेला असावा. बाईनं तेच केलं तर तिला आडमुठी म्हणतात आणि तिचा फ्लेक्सही कोणी लावत नाही.

आबांच्या करारीपणाची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे त्यांचं सासुरवाडीशी पडलेलं वाकडं. तेरवीच्या दिवशी मांडवात जेवणाची वाट बघत बसलेली माणसं हीच गोष्ट आलटून पालटून सांगत होती आणि पोट धरून हसत होती. मी आत भाज्यांचे टोप झाकत होते. मला सगळं ऐकू येत होतं आणि सगळं पाठही होतं.

माझ्या सासूबाईंचं, आत्याबाईंचं, माहेर आमच्याच जिल्ह्यातलं, पुसेगावाकडचं. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पाटावर बसवून त्याचे पाय धुवायचे आणि पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, ही आपली रीत. त्या वर्षी जावई दोन होते. आबा थोरले, आणि दुसरे नुकतंच लग्न झालेले धाकटे, शाळेत मास्तर. आबांचे सासरे, म्हणजे आत्याबाईंचे बापू, तांब्या घेऊन आले आणि त्यांनी आधी धाकट्याचे पाय धुतले. का, तर धाकट्याचा पाट मोरीच्या बाजूला होता आणि पाणी सगळ्या ओसरीवर पसरू नये एवढाच त्या भल्या माणसाचा विचार होता. आबा वाढलेल्या ताटावरून उठले. 'या गावचं पाणी आजपासून हराम,' म्हणाले आणि बायकोला म्हणाले, 'चल.' आत्याबाईंच्या मांडीवर तेव्हा माझा नवरा होता, दुधपितं लेकरू. त्याला उचलून त्या भर उन्हात नवऱ्यामागं सडकेपर्यंत चालत आल्या.

पुढची सगळी हयात आबांनी तो शब्द पाळला. त्या बाजूच्या एसटीत बसायची वेळ आली तर ते गाव यायच्या आधी खिडकी लावून घ्यायचे, मग बाहेर उन्हाळा असला तरी. हिंगोलीच्या मोंढ्यात हळद विकायला गेले आणि त्या गावची गाडी पुढं उभी दिसली की आपली हळदीची गाडी पार मागं नेऊन लावायचे. मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. माझ्या वडिलांना एवढंच विचारलं, 'त्या गावात तुमची सोयरीक न्हाई ना कुठं?' वडील न्हाई म्हणाले. मी पसंत पडले. आमच्या लग्नात नवरदेवाच्या मामाचा मान गावातल्याच एका मानलेल्या मामाला मिळाला. खऱ्या मामाला पत्रिकासुद्धा गेली नव्हती.

शेवटच्या आजारात तर कहरच. दवाखान्यात सलाइन लावायला आलेल्या नर्सला आबांनी सवयीनं गाव विचारलं. तिनं नेमकं तेच सांगितलं. आबांनी हात पांघरुणात ओढून घेतला आणि म्हणाले, 'बाई, तुमचा काही कसूर न्हाई. पण दुसरं कोणी असंल तर पाठवा.' दुसरी येईपर्यंत ते डोळे मिटून, हात लपवून पडून राहिले. हे मी स्वतः पाहिलेलं आहे आणि मी तोंडाला पदर लावून व्हरांड्यात जाऊन हसलेलीही आहे. माणूस नमुनेदार होता यात वाद नाही.

पण हसताना एक गोष्ट सगळे सोयीनं सोडून देतात. सासुरवाडी तुटली तर पुरुषाची वर्षाकाठी दोन-चार पाहुणचाराची जेवणं बुडतात. आबांचं एवढंच गेलं. आत्याबाईंचं माहेर गेलं.

मी घरात नवी होते तेव्हाची गोष्ट. रानात हळद शिजवायचं काम चालू होतं. कढईखाली आत्याबाई तुराट्या सारत होत्या. मोटरसायकलवर एक माणूस बांधापर्यंत आला आणि त्यानं सांगितलं, आत्याबाईंची आई गेली, माती संध्याकाळी आहे. आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. आबा कढईतल्या हळकुंडाला काडी टोचून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. 'जायचं असंल तर जा,' म्हणाले. 'पण मंग तिकडंच ऱ्हा.' माझा नवरा पलीकडं पोती मोकळी करत होता. त्यानं पुढचं पोतं उचललं.  आत्याबाई खाली बसल्या आणि त्यांनी तुराट्यांची पेंढी सोडली. ती कढई उतरली, दुसरी भरली. मला त्या दिवशी आबांचा जो राग आला तो त्यांच्या चितेबरोबरही जळाला नाही, हे मी आजही कोणाला सांगायला भीत नाही.

तर तेरवीच्या दिवशी आत्याबाईंचा भाऊ आला. आत्याबाईंचं माहेर तुटलं तेव्हा तो शाळेत जाणारा होता, आता त्याचे केस पिकलेले. हातात पिशवी, पिशवीत दुखवट्याचं लुगडं. नवरा गेल्यावर तेरवी आटोपली की बाईला माहेरची माणसं चार दिवस घेऊन जातात, तेवढंच तिचं मन रमतं. त्यासाठी तो गाडी करून आला होता. मांडवातलं हसणं थांबलं. मी तर मनातून हरखले. आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं. मी कोणाला न विचारता आत्याबाईंची पिशवी भरायला घेतली. दोन पातळं, औषधाच्या गोळ्या, चष्मा.

आत्याबाई आत उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. भावानं लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तो रडला. त्या रडल्या नाहीत.

'चल आक्का,' तो म्हणाला. 'आता तर कोणाची आडकाठी न्हाई.'

'तवा काहून आला न्हाईस?' आत्याबाईंनी विचारलं.

'दाजी कसे व्हते तुला ठाऊक हाय. त्यांच्या भेवानं कोणाची हिंमत झाली न्हाई.'

'ते काय वाघ व्हते का रे? रुसला व्हता माणूस. जावई रुसला तर सासरा येतो, मेव्हणा येतो, चार शब्द बोलून घेऊन जातो. दुनियेची रीत हाय. मी दर अधिकात रस्त्याकडं बघत बसले. कोणी तरी ईल आन् म्हणंल, चला दाजी, चुकलं आमचं.'

'बापू म्हणायचे, आपुन काय गुन्हा केला की पाय धरावं.'

'व्हय. बापूला पाय धरायचे नव्हते, तुला पायरी चढायची नव्हती. घरोघर मोबाईल आले, तुहा एक फोन आला न्हाई. ह्यांचा हट्ट साऱ्या जिल्ह्याला दिसला. तुमचा कोणाला दिसला न्हाई. दोन्हीकून मीच भरडले.'

 माझ्या हातात भरलेली पिशवी तशीच होती. इतकी वर्षं मी एकाच माणसावर राग धरून होते, आणि त्या रागातली अर्धी वाटणी ज्यांची होती ती माणसं माझ्या लेखी बिचारी होती. आत्याबाईंनी मात्र हिशोब कधीचा मांडून ठेवला होता आणि त्याबद्दल मला अवाक्षरही सांगितलं नव्हतं.

'मी येत न्हाई,' त्या म्हणाल्या. 'जेवून जा. तेरवीचं जेवण हाय, उपाशी जाऊ नको.'

नवऱ्यानं समजावलं, भावकीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं. त्या हलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. भाऊ दोन घास खाऊन उठला, आणि भाड्याची गाडी आली तशी रिकामी परत गेली.

ती फाट्याकडं वळली तशी मांडवात परत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, 'म्हातारा गेला, पण हट्ट म्हातारीपाशी ठेवून गेला.' दुसरा म्हणाला, 'मेल्यावरबी आबाचाच शब्द चालला बघा.' आणि सगळे खदखदून हसले. आबांच्या गोष्टींत आणखी एका गोष्टीची भर पडली होती, उद्यापासून ती प्रत्येक पारावर सांगितली जाणार होती.

मला बाहेर जाऊन त्यांची पानं उधळून द्यावीशी वाटली. मी उंबऱ्यापर्यंत गेलेही. आत्याबाईंनी मागून माझा पदर धरला.

'जाऊ दे,' त्या म्हणाल्या. मग मांडीवरच्या लुगड्याची घडी नीट केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'हा हट्ट तरी माहा व्हता ना गं.'