मामेसासरे आणि पाण्याचा कॉम्प्युटर

जगात पाणी जिथून जिथून निसटू शकतं, त्या प्रत्येक जागेवर आमच्या मामेसासऱ्यांचा जातीनं संशय आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. उभा जन्म शेतातल्या पाइपलाइनी जोडण्यात गेला. घाटनांदूरपासून पार आष्टीपर्यंत त्यांनी जोडलेले पाइप जमिनीखाली पडलेले आहेत. चहाचा कप हातात आला की आधी वर उचलून बूड बघणार, बोट फिरवणार, मगच तोंडाला लावणार. बोटसुद्धा उलटं. नट आवळायचे पाने पिळून पिळून तळहाताला इतके घट्टे पडलेत की ओल लागत नाही, म्हणून बोटाची पाठ लावायची ही त्यांची पद्धत. तान्हं पोर मांडीवर दिलं तरी आधी दुपट्याला बोटाची पाठ लागते. आमच्या लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले, माझ्या हातात पाकीट टेकवता टेकवता एकदम थबकले, "कुठं तरी ठिबकायलंय" म्हणाले आणि गेले. फोटोत आम्ही दोघं छान हसतोय आणि शेजारी मामांची पाठ आहे. पंगती उठल्या तेव्हा ते हात धुवायच्या नळाखालून बाहेर आले आणि त्याच चिखलाच्या हातानं आम्हाला आशीर्वाद दिला.

मामा सगळ्या तालुक्याशी 'बे'वर बोलतात. सरपंच असो, मास्तर असो, "कावून बे, वॉल्व कुनी उगडा ठिवला?" हीच भाषा. फक्त माझ्याशी 'तुमी'. भाचीचा नवरा म्हणजे जावई, आणि जावयाला वाकडा शब्द बोलायचा म्हणजे त्यांच्या लेखी देवाला पाय लावण्यासारखं. पण मी पडलो हाताचा ढिला. माझ्या चुका बघून त्यांचा जीव कासावीस होतो, आणि मग त्यांनी यावर एक तोड काढली. मला बोलायचं नाही, माझ्या हातातल्या वस्तूला बोलायचं.

माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा. घाटनांदुरात पत्र्याखालची एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरवर आमचं सगळं घर. एप्रिल उजाडला की पत्रा तापतो, पत्र्याखाली कॉम्प्युटर तापतो, आणि ऐन सप्तपदीत, पाचव्या पावलावर, स्क्रीन काळी! पंखे लावून पाहिले, ओला टॉवेल दारात टांगून पाहिला. शेवटी ठरवलं की कॉम्प्युटरच्या आतूनच पाणी खेळवायचं. छोटी टाकी, छोटा पंप, बोटाएवढी नळी. पाणी गरम भागावरून फिरणार, रेडिएटरमधून गार होऊन परत येणार. सुटे भाग मागवले, व्हिडिओ बघितले. मनातून मात्र टरकलो होतो. ग्राफिक्स कार्डावर, म्हणजे व्हिडिओचा सगळा भार ओढणाऱ्या महागड्या भागावर, चार थेंब पडले की कार्ड गेलं, त्याच्याबरोबर सगळा सीझन गेला. दुसरा कॉम्प्युटर उभा करायची माझी ऐपत नव्हती, हे बायकोला माझ्यापेक्षा जास्त पक्कं माहीत होतं. तिनं मामांना फोन लावला.

मामा हत्यारांची पिशवी आणि पाच लिटरचा कॅन घेऊन हजर. "आमच्या बोअरचं पानी आनलंय. लई गोड हाय." मी म्हटलं, मामा, याला बॅटरीत घालतात ते पाणी लागतं. त्यांना वाईट वाटलं, पण जावयाला काय बोलणार? त्यांनी कॅनकडे बघून मान हलवली. मग सगळी जोडणी समजून घेतली आणि बराच वेळ विचार करून विचारलं, "पानी जातंय कुठं?"

"कुठंच नाही मामा. फिरून परत टाकीत."

"मंग ह्याच्यावर पिकतंय काय?"

"लग्नाचे व्हिडिओ."

"आसंल," म्हणाले, आणि कामाला बसले.

मी नळी कापली, ती तिरकी कापली गेली. मामांनी ती माझ्या हातातून अलगद घेतली, डोळ्यासमोर धरली आणि नळीला झापलं, "कावून बे, सरळ उभं ऱ्हाता येत न्हाई का तुला? निस्ता उंच वाढलास!" मी खाली मान घालून दुसरी कापली. फिटिंगला आटे कमी बसले तर फिटिंगचा उद्धार. एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती. या फिटिंगला आपली पांढरी टेप गुंडाळायची नसते, आत रबराची रिंग असते, तीच पाणी धरते. "टेप न्हाई?" त्यांनी तीनदा विचारलं. "जावई, बिनटेपाचा जॉइंट म्या जल्मात केला न्हाई." मी पुन्हा समजावलं. "तुमी म्हन्ता तर ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

शेवटचा जॉइंट राहिला तेव्हा जेवायची वेळ झाली. जावई उपाशी राहिलेला मामांना चालत नाही. माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि मला जेवायला पिटाळलं. मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा हाणून परत येईतो तो जॉइंट झालेला होता. नेमका ग्राफिक्स कार्डाच्या वरचा.

आता परीक्षा. मामांच्या पाइपलाइनीत चर कधी लगेच बुजवत नाहीत. पाणी सोडायचं, प्रत्येक सांध्याभोवती कोरडी माती भुरभुरायची आणि बांधावर बसून राहायचं. इथं माती कशी टाकणार? एका लग्नाच्या मंगल कार्यालयातले उरलेले कागदी रुमाल माझ्याकडे होते, त्यांची एकेक घडी प्रत्येक जॉइंटला गुंडाळली. आहेराच्या टोप्या घातलेल्या पाहुण्यांसारखे सगळे सांधे दिसायला लागले. बाकी सगळ्या वायरी काढून फक्त पंपाला लाईट दिली. पाणी फिरलं, बुडबुडे निघाले, आणि मामा स्टूल ओढून समोर बसले ते बसलेच.

एक तास गेला. रुमाल कोरडे. दोन तास, कोरडे. तेवढ्यात शिरूर कासारहून नवरदेवाच्या वडिलांचा फोन, "व्हिडिओ कधी देताव? नवरी परत माहेराला जाऊन आली की हो!" माझा तोल सुटला. म्हटलं बस झाली परीक्षा, कोरडंच आहे की सगळं. कॉम्प्युटरच्या बोर्डाची वायर जोडली आणि बटनाकडे हात नेला.

"हात काढ बे!"

माझं मनगट मामांच्या मुठीत होतं. मामांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. मनगट सोडून ते स्टुलावर बसले. मी बोर्डाची वायर परत काढली आणि शेजारी बसलो. आम्ही एकमेकांकडे न बघता रुमाल बघत राहिलो.

पाऊण तासानं कार्डावरच्या जॉइंटचा रुमाल एका कडेनं गडद झाला.

मामांनी उठून बोटाची पाठ लावली. पंप बंद केला, पाणी उतरवलं, फिटिंग खोललं. रबराच्या रिंगखाली पांढऱ्या टेपाचे दोन वेढे होते. मी जेवायला गेलो तेव्हा त्यांना राहवलं नव्हतं. टेपामुळे रिंग बसली नव्हती, एवढंच. मामा ते फिटिंग डोळ्यासमोर धरून बसले, आणि या वेळी वस्तूला झापलं नाही. "कावून बे, म्हाताऱ्या?" स्वतःलाच म्हणाले.

"मामा, तुम्ही हात धरला नसता तर माझं सगळं गेलं असतं."

"सांदा माजाच फुटका व्हता की."

"पण बसून तुम्हीच राहिलात ना."

तेव्हा मान खाली घालून त्यांनी सांगितलं. तरुणपणी सीताफळाच्या एका नव्या बागेची लाइन टाकली होती. सगळ्यांचे सांधे तपासले, आपला एक सोडला. "म्हन्लं, ह्यो काय, आपल्याच हातचा हाय." चर बुजवला. त्या सांध्यातून सगळं पाणी जमिनीत गेलं आणि टोकाची रोपं वाळेपर्यंत कुणाला कळलं नाही. "लोकायला वाटतंय मी लोकांवर संशय घेतो," मामा म्हणाले. "मी माज्या हातावर घेतो."

टेप काढून तो जॉइंट पुन्हा जोडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोरडे रुमाल बघत आम्ही दोघं बसलो. मग बटन दाबायचा मान मी मामांना दिला. त्या उन्हाळ्यात एकाही लग्नात सप्तपदी अडली नाही. माझ्या घरी चूल पेटते त्यात त्या माणसाच्या मुठीचा वाटा आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं की ते चहाच्या कपाचं बूड बघायला लागतात.

अजूनही सीझन सुरू व्हायच्या आधी मामा येतात. कॉम्प्युटरची बाजू उघडायला लावतात आणि एकेका सांध्याला बोटाची पाठ लावत जातात. यंदाही आले. कार्डावरच्या त्या जॉइंटपाशी थांबले, बोट लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. साखरेच्या आजारानं त्यांच्या बोटांतलं कळणंच कमी केलंय हे मला बायकोकडून समजलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

"कळंना झालंय," मामा म्हणाले. मग माझा हात धरला, त्याच मनगटाला, हलकेच, आणि माझं बोट उलटं करून जॉइंटवर टेकवलं. "तुमी बगा."

"कोरडं आहे, मामा."

"परत बग बे," मामा म्हणाले.

मी परत बघितलं.