लाल टिकली

हर्सूलला जेलच्या रस्त्याला, घराच्याच पुढच्या खोलीत सरदारभाईचं दुकान. पाटीबिटी काही नाही. तरी फुलंब्रीची सोनिया विचारत विचारत तिथं पोचली, कॉम्प्युटरचं कॅबिनेट कडेवरच्या लेकरागत धरून. टेबलावर ठेवलं आणि ओढणीनं तोंड पुसलं.

"चाचा, दहा मिनटं चालतंय न् फटकन् बंद पडतंय. गावातला दुरुस्तीवाला म्हणला, मदरबोर्ड गेला. पॉवर सप्लाय म्हणं चांगलाय, पंखा फिरतोय."

"पंख्याचं काय घिऊन बसली? तो मरस्तोवर फिरतोय," सरदारभाई म्हणाला. "काम कशाचं करतीस?"

"फॉर्म भरायचं. शाळंतल्या पोरींचे स्कॉलरशिपचे फॉर्म पडलेत माझ्याकडं. परवा शेवटची तारीख. बायाबापड्या दारात येऊन बसायल्यात."

त्यानं सप्लायचा डबा काढून टेबलावर घेतला. हिरवी तार आणि काळी तार एका तुकड्यानं जोडली. पंखा भिरभिरला. मीटरनं बारा व्होल्ट दाखवले.

"बघा, बराबर हाय की!"

"थांब जरा. आत्ता त्याच्या डोक्यावर काहीच नाय. ओझं दिल्यावर कसा चालतोय ते बघू."

मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब त्यानं तारांना लावला. बल्ब पेटला. मीटर अकरावर आलं, दहावर आलं, साडेनऊ. बल्ब पिवळा पडत गेला आणि कट्ट करून सगळंच गप झालं.

"मदरबोर्डाला काय धाड भरली नाय, पोरी. दोष ह्याचाच हाय."

"मंग नीट करा. नवाच हाय चाचा, चार महिन्याखाली अतुलशेठच्या दुकानातनं घेतला. डब्यातला. हे काय, सील बी हाय."

स्क्रूवर दुकानाची चिठ्ठी डकवलेली होती. सरदारभाईनं ती ब्लेडनं कापली, झाकण उचललं, आणि त्याचा हात तिथंच थांबला. आत, ट्रान्सफॉर्मरच्या कडेला, जवारीच्या दाण्याएवढी लाल टिकली होती.

चितेगावच्या कारखान्यात बावीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. लाइनीच्या शेवटच्या टेबलावर सप्लाय तपासायचा, ओझ्यावर तासभर चालवायचा आणि पास झाला की लाल नेलपॉलिशची टिकली लावायची. त्याच्या टिकलीवर साहेब सही करायचे, दुसऱ्यांदा तपासत नसत. एका सकाळी फाटकावर कारखाना बंदची नोटीस लागली. घरी येताना त्याच्या पिशवीत मीटर होतं आणि ती बाटली. ती संपल्यावर बायकोची, अमिनाची बाटली सुरू झाली. "तुमकू लाल, मेरेकू गुलाबी भी नहीं," ती चिडवायची.

अतुलशेठ दर सोमवारी मेलेल्या सप्लायचं पोतं दुरुस्तीला धाडायचा. त्याच्यावरच घर चालायचं. पाचेक महिन्यांखाली आलेल्या एका पोत्यातल्या मालाबद्दल सरदारभाईनं तेव्हाच बजावलं होतं, "शेठ, ह्यांच्यात दम नाय. वर साडेचारशे वॉट लिहिलंय, आतला ट्रान्सफॉर्मर दोनशेचा बी नाय. तुमच्या टेबलावर तपासायला वापरा, गिऱ्हाइकाला देऊ नका." शेठ हसून म्हणाला होता, "नाय देत. पण टिकली तेवढी लावत जा भाई. तुमच्या हाताची शान हाय ती." आणि तो शब्द गोड लागला म्हणून ह्यानं लावल्या. ओझ्यावर नापास झालेल्या मालाला टिकल्या. अशा अकरा.

दोन कपॅसिटर फुगले होते. बदलले असते तर डबा महिनाभर ओढला असता. पोरीचे फॉर्म भरून गेले असते, शेठचं पोतं येत राहिलं असतं. सरदारभाईनं सोल्डरिंग गन गरम करायला लावली. थोड्या वेळानं बटण बंद केलं.

"ह्याला मी हात लावणार नाय. कुणी लावू बी नये. आज नीट झाला तर उद्या सगळा कॉम्प्युटर घिऊन मरंल. आन् हा नवा नव्हता, पोरी. मीच दुरुस्त केलेला हाय. ही टिकली माझी."

त्यानं स्वतःच्या टेबलावरचा सप्लाय उपसला. कारखान्यातल्या मालासारखा जड. तिच्या कॅबिनेटमध्ये बसवला, तासभर चालवून दाखवला. "फॉर्म भर. नंतर आणून दे. आन् हा मेलेला शेठपुढं नेऊन आपट."

सोनिया कॅबिनेट तिथंच ठेवून, मेलेला डबा घेऊन शेठकडं गेली. दुपार कलता परत आली, ती हातात नवाकोरा डबा घेऊन. खुर्चीवर बसली नाही.

"शेठ म्हणले, सील कुणी तोडलं?"

"मी तोडलं. तोडल्याबिगर आतलं दिसणार कसं?"

"ते म्हणले, टिकली सरदारभाईची हाय, तर आतला चांगला माल बी त्यानंच काढला असंल. जुनं भरून टिकली लावली." ती जमिनीकडं बघत होती. "चाचा, खरं सांगा. आत तुमचाच हात हाय ना?"

"व्हय. पण–"

"झालं मंग." तिनं 'पण' ऐकलाच नाही. "तुमचा सप्लाय काढून घ्या. पोरींची कागदं जळाली तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? शेठनं हा फुकट दिला. माणूस बरा हाय."

सरदारभाईनं आपला सप्लाय काढला. मग तिचा डबा हातात घेतला. हलका होता. वजनावरनंच त्याला कळलं. स्क्रूवर चिठ्ठी, ताजी, डिंक अजून ओला.

"पोरी, एकदा उघडून बघू दे मला. एकदाच."

"नको नको! सील तुटंल!" तिनं डबा हिसकूनच घेतला, कॅबिनेट कडेवर मारलं आणि बसस्टॉपच्या दिशेनं निघाली.

"रोक्या क्यूं नहीं उसकू?" आतून अमिना म्हणाली.

"चोराचं कोण ऐकतं?"

सोमवारी पोतं आलंच नाही तर काय करायचं, ह्याचा विचार करत तो तीन दिवस बसला होता. पण पोतं आलं, नेहमीएवढंच. पाठोपाठ शेठचा फोन. आवाजात राग नाही, काही नाही.

"भाई, मनावर घेऊ नका. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगावं लागतंय. आन् हे बघा, आता टिकली लावू नका."

त्यानं फोन ठेवला. पोतं दारातच पडून राहिलं. येणारी-जाणारी माणसं त्याला वळसा घालून जात होती. दुपारी अमिनानं ते आत ओढलं, आणि त्यानं त्यातला पहिला डबा टेबलावर घेतला.