म्हसोबाच्या कोपऱ्यातलं बेट

दर श्रावणात एका सकाळी कल्लाप्पा मास्तर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून आठवीच्या वर्गात येत आणि म्हणत, "चला, सेशेल्सला." मुलं चपला वर्गातच ठेवून त्यांच्या मागून निघत. फार लांब जायचं नसे. बेळगावजवळ येळ्ळूरच्या आमच्या शाळेला लागूनच मास्तरांचं भाताचं शेत होतं. त्यातला एक वाफा पीक न घेता त्यांनी हिंदी महासागरासाठी राखून ठेवला होता.

मी निपाणीची, त्या शाळेत मराठी शिकवायला आलेली. पहिल्या वर्षी पोटरीभर पाण्यात मातीचे ढीग घालणारी मुलं पाहिली आणि या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं मी ठरवून टाकलं. पुस्तकात त्या बेटांवर जेमतेम एक ओळ होती, आणि तिच्यापायी हे दोन दिवस चिखलात. विचारलं तर म्हणाले, "बाई, नकाशावर ही बेटं माशी बसल्यागत दिसत्यात. पोरास्नी वाटतंय तिथं माणसंच न्हाईत. पाय भरल्याबिगर भूगोल कळत न्हाय."

मोठा ढीग म्हणजे माहे, सेशेल्सचं मुख्य बेट. त्यावर काळे दगड रचायचे, कारण ती बेटं ग्रॅनाइटची. नैऋत्येच्या बांधाशी दुसरा ढीग, तो प्रासलिन. ईशान्येच्या कोपऱ्यात म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. तिथं चिखलाचा पाय टाकायचा नाही, अशी त्यांच्या आईची ताकीद होती आणि म्हातारी बांधावर बसून लक्षही ठेवी. आईच्या डब्यातून चोरून आणलेली दालचिनी मास्तर माहेच्या डोक्यावर खोचत आणि बोलू लागत.

"हितं आधी कोण ऱ्हात नव्हतं. फ्रेंच आलं. राबायला आफ्रिकेतली माणसं गुलाम करून आणली, मसाला लावला, कापूस लावला. मग इंग्रजांनी फ्रेंचांकडनं बेटं घेतली. ध्यानात ठेवा, मालक आला की पीक येतंय, आन् पिकाच्या मागनं दुसरा मालक येतोय." आणि पुढे म्हणत, "मालक बदलला, पर गुलामांनी आपसात घडवलेली बोली आजबी तिथं घराघरात हाय." घरात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या आमच्या मुलांना याहून जास्त समजावून सांगावं लागत नसे.

शेवटी यायचा व्हॅनिला. त्याच्यावर मळेवाले गब्बर झाले, मग कारखान्यात नकली व्हॅनिला निघाला आणि मळे बसले. हे सांगताना मास्तर हटकून माझ्याकडे बघत. "बाई, एका पिकावर घर उभारू नये. निपाणीला निरोप धाडा." आमचं घर तंबाखूवर उभं होतं, त्यामुळे मला रागच यायचा. पण भावाने निम्म्या रानात सोयाबीन घातलं, ते माझ्याच सांगण्यावरून. हे मी मास्तरांजवळ कधी कबूल केलं नाही.

त्यांची एक विद्यार्थिनी, मनीषा, पुढे बेळगावात नर्स झाली. तिला माहेच्याच इस्पितळात नोकरी मिळाली. तिचे वडील परशराम फौंड्रीत कामाला जाणारे, घरची थोडी शेती बघणारे, स्वभावाने सरळ. पण बेट म्हटलं की त्यांना एकच ठाऊक होतं, काळं पाणी. "पोरीनं काय गुन्हा केलाय म्हणून तिला बेटावर धाडू?" असं म्हणून त्यांनी तिचा पासपोर्ट कपाटात कुलूप लावून ठेवला. रुजू व्हायला पंधरवडा उरला होता. मनीषा रडत शाळेत आली.

मास्तर आणि मी परशरामांकडे गेलो. त्यांना घेऊन शेतात आलो. मास्तर त्यांना बेटं दाखवत होते आणि परशराम हाताची घडी घालून उभे होते.

"भात मिळतंय काय तिथं?"

"भात आन् मासं, हेच त्यांचं जेवण."

"आपल्याकडची माणसं?"

"लई वर्षांपासनं हैत. तमिळ हैत, गुजराती हैत."

"मास्तर, तुमी गेलता काय?"

"न्हाय."

"मग न बघितलेल्या गावाची ग्वाही कशी देताय?"

समुद्रसुद्धा मास्तरांनी गोव्याला एकदाच पाहिला होता. मग म्हणाले, "गावाची देत न्हाय, परशराम. पोरीची देतोय. तिला मी ह्याच चिखलात बघितलंय."

परशराम घरी गेले. दुसऱ्या दिवशी मनीषा पासपोर्ट घेऊन पेढे वाटायला आली. मास्तरांनी पेढा खिशात घातला आणि तोंड फिरवून फळा पुसत राहिले.

तीन महिन्यांनी शिक्षकांच्या खोलीत तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळं पाणी, पुढे ही हसतेय. "सर, आज बोटीनं प्रासलिनला आले. माहेहून निघताना बरोबरच्या नर्सांना छातीठोक सांगितलं, नैऋत्येला बघा, बेट दिसंल. सगळ्या हसल्या. प्रासलिन ईशान्येला हाय, सर."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मला त्यांची कीव आली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. बेटं घालायला लागले त्या पहिल्याच वर्षी, ईशान्येला म्हसोबा म्हणून, आईने तिथं ढीग घालू दिला नव्हता; तो नैऋत्येला गेला. तेव्हा मास्तर मुलांना सांगत, की देवाला जागा दिलीय, खरं बेट तिकडं ईशान्येलाच. पुढे सांगायचं राहून गेलं आणि वर्षं गेली तशी त्यांनाही नैऋत्यच खरी वाटू लागली. मोबाईलमध्ये नकाशा होता, पण त्यांचे विद्यार्थी आपल्या पायांवरच विश्वास ठेवणारे निघाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेपुढे कबुली दिली. "म्या इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. मनीषानं जाऊन बघितलं आन् मला दुरुस्त केलं. मास्तराला ह्याहून मोठा पगार न्हाय." इतकं आनंदी मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आई तोवर राहिली नव्हती. त्यांनी म्हसोबाला नारळ फोडला, हात जोडून म्हणाले, "देवा, जरा सरकून घे," आणि त्याच्या शेजारी प्रासलिन घातलं.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. श्रावण आला तेव्हा शेताकडे बघवेना, म्हणून मी वर्गाची खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने दारात परशराम उभे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात खोरं.

"बाई, बेटं घालाय आलोय. माहे मला जमंल. ते दुसरं म्हसोबाजवळच न्हवं?"

"होय," मी म्हणाले, आणि चपला काढल्या.